लेखणी कोणाच्या मालकीची?

मराठीच्या प्राध्यापकांच्या कोणत्याही चर्चासत्रात संगणकाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, 'हे आपल्या विषयात येत नाही' आणि दुसरे, 'आमच्याकडे त्यासाठी एक मुलगा आहे'. हा 'एक मुलगा' प्रत्येक विभागाच्या आसपास असतो. तो प्रश्नपत्रिका टाइप करून देतो, विद्यार्थ्यांचे प्रबंध 'सेट' करतो, यंत्र बंद पडले तर येऊन काहीतरी करतो आणि निघून जातो. त्याने काय केले हे कोणी विचारत नाही.

ज्या विषयात हस्तलिखितांच्या पाठभेदांवर आयुष्ये खर्ची पडली, लेखनिकाच्या हातून सुटलेल्या एका मात्रेवरून ज्यात वाद रंगतात, शिळाछाप आणि खिळाछाप यांतला फरक ज्यात विद्यार्थ्यांना शिकवला जातो, त्या विषयाच्या अध्यापकांनी स्वतःच्या काळातील लेखनसाधनाविषयी इतके उदासीन असावे, ही गोष्ट आम्हांला मान्य नाही. लेखनाचे साधन हा भाषेचाच प्रश्न आहे. ते साधन उघडून पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा अधिकार ती भाषा लिहिणाऱ्यांना असला पाहिजे; आणि तो अधिकार मागण्याचे काम संगणकशास्त्राच्या विभागाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मराठी विभागाचे आहे. हे आम्ही आमच्या घरातील अनुभवावरून शिकलो. म्हणून युक्तिवादाआधी अनुभव सांगणे क्रमप्राप्त आहे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. घर खानदेशात. घरात निवृत्त प्राथमिक शिक्षक असलेले नाना, आई, अभियांत्रिकीला असलेली मुलगी आणि शाळकरी मुलगा. संगणक दोन : एक २०१२ साली घेतलेला मेजावरचा, दुसरा २०१६ सालचा लॅपटॉप. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही हे दोन्ही संगणक लिनक्सवर नेले.

ज्यांना हे नाव केवळ ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. संगणक सुरू होतो तेव्हा पडद्यामागे जी यंत्रणा इतर सर्व कार्यक्रमांना चालवते तिला कार्यप्रणाली म्हणतात. सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत जीएनयू नावाचा प्रकल्प जाहीर केला. वापरणाऱ्याला कोणत्याही कामासाठी चालवता येईल, आत काय आहे ते वाचता येईल, दुसऱ्याला देता येईल आणि बदलून ते बदलही वाटता येतील, अशी कार्यप्रणाली उभी करणे हा त्याचा हेतू होता. या चार मोकळिकांना कायद्याचे कवच मिळावे म्हणून १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएल परवान्याखाली खुला केला. हा गाभा आणि जीएनयूची साधने मिळून जे झाले त्याला आपण सैलपणे लिनक्स म्हणतो. त्याची अनेक वितरणे आहेत. आम्ही त्यांपैकी लिनक्स मिंट घेतले.

येथे एका शब्दाविषयी लिहिणे आवश्यक आहे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबले गेल्याने स्टॉलमन यांना आयुष्यभर खुलासे करावे लागले. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन स्वच्छ, वेगळे शब्द आहेत. तरीही आपल्या स्टाफरूममध्ये लिनक्सची ओळख 'फुकटवाले' अशीच करून दिली जाते. ज्यांचा व्यवसाय शब्दांचा आहे त्यांनी तरी हा भेद पाळावा, ही अपेक्षा वावगी नसावी.

आता अनुभव. मुलीने वितरणाची प्रत उतरवून पेनड्राइव्हवर घेतली. या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करता येतो आणि आतल्या चकतीला हात न लावता नवी प्रणाली चालवून पाहता येते. आम्ही आठवडाभर तसेच केले. छपाईयंत्र लगेच चालले. त्याच यंत्रातील स्कॅनरने मात्र दोन दिवस घेतले. लॅपटॉपचे वायफाय सुरुवातीला चालेना. मोबाइल तारेने जोडून आवश्यक चालक उतरवल्यावर ते चालू झाले. मुलाचा एक आवडता खेळ चालला नाही आणि त्याने त्याबद्दल रीतसर निषेध नोंदवला. मुलीच्या एका परीक्षेसाठी देखरेखीचे जे सॉफ्टवेअर लागत असे ते लिनक्सवर चालत नव्हते. त्यासाठी लॅपटॉपवर जुनी प्रणालीही एका कोपऱ्यात ठेवावी लागली. या गोष्टी आम्ही मुद्दाम नोंदवत आहोत. मुक्त सॉफ्टवेअरचे अनेक पुरस्कर्ते अडचणी लपवतात आणि नवख्या माणसाचा पहिल्याच आठवड्यात विश्वासभंग करतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. २०१२ सालचा जो संगणक सुरू व्हायला चहा उकळण्याइतका वेळ घेई, तो आज नानांचा रोजचा संगणक आहे. आईंनी तर कोणतीच तक्रार केली नाही, कारण त्यांना आधीची सवय मोडायची नव्हती. प्रणालीची भाषा मराठी केली, पडद्यावर चार चित्रे ठेवली. त्या भजनांचे ध्वनिमुद्रण ऐकतात, भाचरांची छायाचित्रे पाहतात, पाककृती लिहून ठेवतात. लिनक्स कठीण आहे असे जे म्हटले जाते त्यातील बराच भाग प्रणालीच्या काठिण्याचा नसून जुन्या सवयीचा असतो, हे आम्ही आमच्याच घरात पाहिले. आईंनी एकदा विचारले, 'येथे निम्मे मराठी आणि निम्मे इंग्रजी का?' प्रश्न रास्त होता. मराठी भाषांतर अपुरे होते आणि जे होते त्यातील काही वाक्ये कानाला खडे लागावेत तशी होती. त्या प्रश्नाकडे आम्ही पुढे येऊ.

या स्थलांतराचे खरे कारण मात्र वेगळे होते. नानांनी नोकरीच्या काळात, गावोगावच्या शाळांत बदल्या होत असताना, अहिराणी शब्दांचा संग्रह केला. वह्यांतून साठलेले सुमारे चार हजार शब्द : शेतीचे, नात्यांचे, भांड्याकुंड्यांचे, शिव्यांचे आणि लाडाचे. २००३ साली त्यांनी तो संग्रह तालुक्याच्या गावी एका डीटीपी केंद्रात टाइप करून घेतला. पुस्तक काही निघाले नाही. टंकलेखनाचे पैसे देऊन झाले, छापील मुद्रितांचा गठ्ठा आणि एक सीडी घरी आली. पुढे केंद्र बंद पडले. मूळ वह्यांपैकी निम्म्या घर बदलताना आणि पावसात गेल्या. राहिली ती सीडी. आणि सीडीतील धारिका उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा, स्वल्पविरामांचा आणि कंसांचा कचरा दिसे.

असे का होते हे मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. त्या काळातील बहुतेक मराठी फाँट ही एक प्रकारची वेषांतरे होती. संगणकाच्या लेखी तेथे मराठी नसेच. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीची चित्रे बसवलेली असत. अशाच एका प्रचलित फाँटात 'मराठी' हा शब्द लिहिला तर संगणकाने साठवलेली अक्षरे असतात ई, जे, के, बी, एच. ही पाच रोमन अक्षरे 'मराठी' म्हणून दिसावीत यासाठी तोच फाँट हवा. प्रत्येक कंपनीची घरे निराळी, त्यामुळे एकाचे लेखन दुसऱ्याला वाचता येत नसे. कित्येक ठिकाणी तर सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला एक कुलूपवजा खुंटी जोडावी लागे. ती खुंटी हरवली की सॉफ्टवेअर गेले, आणि सॉफ्टवेअर गेले की लेखनही गेले.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात असे नव्हते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीला जे देखणे वळण दिले त्याची कीर्ती आपण आजही सांगतो. परंतु त्या खिळ्यांनी छापलेला कागद वाचण्यासाठी वाचकाला छापखान्याची परवानगी घ्यावी लागत नव्हती. छापखाना बंद पडला म्हणून घरातील पोथीची अक्षरे उडून गेली नाहीत. मुद्रणाच्या इतिहासात जे कधी घडले नाही ते आपल्या डोळ्यांदेखत, १९९० आणि २००० च्या दशकांत घडले आणि मराठीच्या अभ्यासकांनी त्याची नोंद 'तांत्रिक अडचण' अशी केली. त्या दोन दशकांत डीटीपी केंद्रांतून जे प्रबंध, स्मरणिका, गावांचे इतिहास, बोलींचे संग्रह टाइप झाले त्यांतील ज्यांचे पुस्तक झाले नाही, ते आज कोठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत हे प्रत्येकाने आपापल्या कपाटात पाहावे.

नानांचा संग्रह कसा सुटला? मुलीने धारिकेतून नुसता मजकूर बाहेर काढला. नाना मुद्रितांचा गठ्ठा घेऊन शेजारी बसले. कोणत्या रोमन चिन्हामागे कोणते देवनागरी रूप आहे याचा तक्ता दोघांनी मिळून केला. दोनशेच्या आसपास चिन्हे झाली. मुलीने त्यावरून पायथॉन या मुक्त भाषेत छोटा कार्यक्रम लिहिला. पहिल्या फेरीत सगळ्या वेलांट्या चुकल्या. कारण जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलट : दिसतो अक्षराच्या डोक्यावर, अखेरीस टाइप होतो, पण उच्चारात तो आधी येतो आणि युनिकोडही त्याला आधीच ठेवते. एक व्यवस्था चित्राची, दुसरी ध्वनीची. हा फरक मुलीला समजावून सांगणारे कोण होते, तर चाळीस वर्षे पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवणारे नाना. हे काम संगणकाचे होते की भाषेचे, हे वाचकांनीच ठरवावे.

हा तक्ता जाहीर असता, तर दोन महिन्यांचे काम दोन मिनिटांत झाले असते. तो जाहीर नव्हता, कारण तो कोणाच्या तरी मालकीचा मानला गेला. एका भाषेच्या अक्षरांची घरे ही एखाद्या व्यापाऱ्याची गुप्त मालमत्ता असू शकते, या कल्पनेला आपण मराठीच्या अध्यापकांनी कधी हरकत घेतली नाही. हा आमचा पहिला आक्षेप.

येथे सर्वांत वजनदार प्रतिवाद येतो आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. 'युनिकोड आले, प्रश्न मिटला. ते विंडोजवरही चालते. मग लिनक्सचा खटाटोप कशासाठी?' प्रतिवादाचा पूर्वार्ध खरा आहे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली; तिच्यातील देवनागरीची मांडणी भारतातच सिद्ध झालेल्या इस्की या प्रमाणकावर आधारलेली होती. विंडोज २००० पासून त्या प्रणालीत देवनागरी युनिकोड आहे आणि तिचा मंगल हा फाँट र. कृ. जोशींनी घडवला. होय, लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील कवी म्हणून आपण ज्यांना शिकवतो तेच र. कृ. जोशी. 'हे आपल्या विषयात येत नाही' असे म्हणणाऱ्यांनी हे नाव जरूर आठवावे.

उत्तरार्ध मात्र खरा नाही. युनिकोडने मजकूर वाचतो. साधन दुरुस्त करण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. हा भेद मराठीचा आहे आणि अहिराणीतल्या 'पोऱ्या'लाही तो हवा आहे. हा अर्धचंद्री रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एकाला दुसरा सापडेलच याची शाश्वती नाही. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे आणि लिपीचे प्रमाणीकरण केले, तरी मराठी वळणाचे ल आणि श आजही अनेक फाँटांत मिळत नाहीत. या त्रुटी कोणी दूर करायच्या? बंदिस्त साधनात उत्तर एकच : कंपनीला वाटेल तेव्हा, वाटले तर. मुक्त साधनात उत्तर वेगळे आहे. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फाँट पाहावेत. त्यांची मूळ अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आली. पुढे २०११ मध्ये ती मुक्त फाँट परवान्याखाली गेली. तो फाँट कोणीही उघडावा, चुकलेले जोडाक्षर नीट करावे आणि दुरुस्त प्रत सर्वांना द्यावी, त्यासाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही.

याहून महत्त्वाचे उदाहरण शुद्धलेखनतपासनीसाचे आहे. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम ही साधने त्यासाठी हनस्पेल नावाचे मुक्त इंजिन वापरतात. लास्लो नेमेथ यांनी ते मुळात हंगेरियनसाठी रचले, कारण त्या भाषेत शब्दाला प्रत्ययांच्या माळा लागतात. ही गोष्ट मराठीला किती जवळची आहे हे वेगळे सांगायला नको. हनस्पेलचा कोश म्हणजे दोन साध्या मजकुराच्या धारिका. एकीत शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. 'घर'चे सामान्यरूप 'घरा', मग घरात, घराला, घरापर्यंत, घरासमोरच्या. 'विहीर' दीर्घ, पण 'विहिरीत' ऱ्हस्व. 'फूल' दीर्घ, पण 'फुलात' ऱ्हस्व. हे नियम त्या दुसऱ्या धारिकेत लिहायचे असतात. म्हणजेच तेथे मराठीचे रूपविचार प्रकरण लिहायचे असते. मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सिद्ध केले, त्या परंपरेचे काम पुढे नेण्याची जागा आज ही आहे. आणि ही जागा रिकामी आहे. मराठीचा जो कोश उपलब्ध आहे तो हौशी तरुणांनी, नोकऱ्या सांभाळून केलेला आहे. त्यात उणिवा आहेत. त्या उणिवांवर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण त्या भरून काढण्याची पात्रता आणि वेतन दोन्ही आपल्याकडे होते.

नानांनी आपला संग्रह प्रथम लिब्रेऑफिसमध्ये उघडला तेव्हा सारे पान तांबड्या रेघांनी भरले. 'डोळा' हा शब्द बरोबर, 'डोया' चूक; 'काळा' बरोबर, 'काया'चा अर्थ निराळा; 'आंडोर' तर अज्ञातच. प्रमाणभाषेच्या नावाने बोलीवर ओढलेली तांबडी रेघ आम्हांला वर्गातून परिचित होती. यंत्रानेही तीच ओढली. फरक एवढाच की येथे रेघ ओढणारे पुस्तक उघडे होते. आज नानांच्या संगणकावर चार हजार शब्दांचा अहिराणी कोश आहे. प्रत्ययांचे नियम अपुरे आहेत. ते हळूहळू लिहिले जात आहेत. पण त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही, 'या भाषेला पुरेशी बाजारपेठ नाही' असे उत्तर ऐकावे लागले नाही. बोलींच्या अस्मितेवर परिसंवाद घेणाऱ्या विभागांनी आपल्या बोलीसाठी अशी एक धारिका सुरू केली, तर त्या परिसंवादांपेक्षा ती अधिक काळ टिकेल.

दुसरा प्रतिवाद नेहमीचा : फुकटचे ते निकृष्ट. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. निकृष्टतेचा मुद्दा येथेच संपावा. आणि फुकटाचाच विषय काढायचा तर आपल्या घरांतील व विभागांतील सॉफ्टवेअरच्या प्रती कोठून आल्या हेही विचारावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यप्रतिबंधाचे विनियम आणले. विद्यार्थ्यांच्या प्रबंधातील उचल आपण टक्केवारीने मोजतो आणि तो अहवाल ज्या संगणकावर छापतो त्यावरची प्रणाली व लेखनसाधन कित्येकदा चोरीचे असते. हे विधान कठोर आहे, पण आपापल्या विभागात पाहून ज्याला खोडता येईल त्याने ते खोडावे.

तिसरा प्रतिवाद व्यवहाराचा : कार्यालयीन कामे लिनक्सवर अडतात. खरे आहे, वर परीक्षेचे उदाहरण आम्हीच दिले आहे. पण ही अडवणूक लिनक्सची नसून ज्या संस्था सार्वजनिक कामासाठी एकाच कंपनीचे साधन गृहीत धरतात त्यांची आहे. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ते आपल्या टेबलापर्यंत का पोहोचले नाही, हे विचारण्याऐवजी आपण मुकाट्याने अर्ज भरतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल संपली. विंडोज ११ ला नव्या पिढीचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. ग्रामीण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील चालती यंत्रे यामुळे भंगारात निघणार असतील, तर त्यांवर लिनक्स घालून ती पाच-सात वर्षे सहज वापरता येतील. निधी नाही म्हणून रडणाऱ्यांनी निदान असलेली यंत्रे फेकू नयेत.

हे स्वप्नरंजन नव्हे, याचा पुरावा केरळात आहे. तेथे १९७१ मध्ये टंकयंत्राच्या सोयीसाठी मल्याळम लिपी कापून छोटी करण्यात आली होती. पुढे भाषाप्रेमी आणि संगणकाचे तरुण एकत्र आले. 'रचना'सारख्या फाँटांनी पारंपरिक लिपी संगणकावर परत आणली. २००१ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतीय शाखा तिरुवनंतपुरमला सुरू झाली, २००२ मध्ये स्वतंत्र मल्याळम संगणन हा गट उभा राहिला आणि राज्याच्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर गेले. तेथील शाळकरी मुलगा लिनक्सवर मल्याळम लिहितो आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे माणसे नाहीत असे नाही. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिस यांचे पाठ मराठीतून उपलब्ध आहेत. नाहीत ते मराठी विभाग.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिनंदनाचे ठराव झाले, ढोल वाजले. यानिमित्ताने जो सार्वजनिक पैसा भाषेच्या नावाने खर्च होईल, त्यातून होणारे कोश, फाँट आणि ग्रंथ पुन्हा कोणाच्या कुलपात जाणार आहेत की सर्वांना मोकळे राहणार आहेत, हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे. आमच्या मागण्या चारच आहेत आणि त्यांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही. प्रबंध केवळ युनिकोडमध्ये आणि ओडीएफसारख्या खुल्या स्वरूपात स्वीकारावेत. ते स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाणक आहे. ज्या विद्यापीठांनी, प्रकाशकांनी आणि शासकीय संस्थांनी जुने फाँट विकत घेतले, त्यांनी त्यांचे अक्षरतक्ते विक्रेत्यांकडून मागून घेऊन प्रसिद्ध करावेत. एम.ए.च्या अभ्यासक्रमात भाषा आणि संगणक यांवर एक प्रात्यक्षिक घटक असावा. त्यात विद्यार्थ्याने शंभर शब्दांचे प्रत्ययनियम लिहावेत किंवा लिनक्सच्या एखाद्या भागाचे मराठी भाषांतर सुधारावे. आईंच्या त्या प्रश्नाला, निम्मे मराठी का, याला याहून चांगले उत्तर आम्हांला सुचत नाही. आणि चौथी मागणी, सार्वजनिक पैशातून घडलेले प्रत्येक भाषिक साधन मुक्त परवान्याखालीच प्रसिद्ध व्हावे.

प्रत्येक मराठी विभागाने येत्या सत्रात आपला एक संगणक, एकच, लिनक्सवर नेऊन पाहावा, आणि त्या 'एका मुला'ला बोलावून तो काय करतो ते शेजारी बसून शिकून घ्यावे. एवढे केल्यावरही कोणाला हा विषय आपला वाटला नाही, तर त्याने आपले म्हणणे येथे सविस्तर मांडावे. आम्ही उत्तर देण्यास बांधील आहोत.